महिनाअखेर

बुधवार, रात्र

नोकरी संपली, शेवटच्या हिशेबात ऑफिसच्या ओळखपत्राच्या कार्डाचे ३५० कापले. गळ्यातल्या पट्टीचे वेगळे ६०. मिळून ४१० रुपये, 'इतर वजावट' या रकान्यात.

निनाद म्हणाला, "चारशे रुपयांसाठी जागी आहेस?" चारशेंसाठी नाही, हे त्यालाही कळतं. मग कशासाठी, हे मला सांगता येईना. "झोप तू" म्हटलं, दिवा घालवला आणि फोनवर पुन्हा तेच उघडून बसले. टायटॅनिक. शाळेपासूनचं खूळ आहे, घरात सगळे हसतात. खरं तर बुडण्याच्या भागात मला आता रस उरलेला नाही. हिमनग, पाणी किती कप्प्यांत शिरलं, बोटी का कमी होत्या, हे सगळं पाठ आहे. मी वाचते ती नंतरची कागदपत्रं. कोणी कोणाला काय पाठवलं, कोणी कोणाकडे काय मागितलं.

आज जॉक ह्यूमचं बिल वाचलं. पुन्हा.

जॉक व्हायोलिन वाजवायचा. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजचा, वय २१. जहाजावरचे आठच्या आठ वादक गेले, त्यांतला एक. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज गेलं आणि ३० एप्रिलची तारीख घातलेलं एक पत्र त्याच्या वडिलांच्या नावे निघालं. लिव्हरपूलच्या ब्लॅक बंधूंच्या एजन्सीचं. आपल्याकडून ५ शिलिंग ४ पेन्स येणे आहेत, ते पाठवावेत. शिवाय सोबत जोडलेला गणवेशाचा हिशेबही चुकता करावा. तो हिशेब १४ शिलिंग ७ पेन्सचा. त्यात कॉलरवर लावायच्या वाद्याच्या आकाराच्या बिल्ल्याचे पैसे आहेत, कोटाला कंपनीची बटणं शिवल्याची मजुरी आहे.

बटणं शिवल्याची मजुरी!

वादकांच्या संघटनेने ते पत्र आपल्या अंकात छापलं म्हणून आज आपल्याला माहीत. नाहीतर डम्फ्रीजच्या एखाद्या खणात पडून राहिलं असतं.

हे वादक जहाज कंपनीचे नोकर नव्हतेच. ब्लॅक बंधूंनी कंपन्यांशी करार करून वादक पुरवण्याचं काम हाती घेतलं, आणि महिना साडेसहा पौंडांचा पगार चार पौंडांवर आणला. गणवेशाचा भत्ता होता, तो बंद. जहाजावर त्यांची नोंद दुसऱ्या वर्गाचे प्रवासी अशी. भरपाईची वेळ आली तेव्हा कंपनी म्हणाली, हे आमचे नोकर नव्हेत, एजन्सीला विचारा. एजन्सीने विम्यावाल्यांकडे बोट दाखवलं आणि विम्यावाल्यांनी हात वर केले.

हे वाचताना मी अंथरुणात उठून बसले. मला हे तोंडपाठ आहे, मीही व्हेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, करारावर होते. "मॅडम, तुम्ही आमच्या रोलवर नाही, व्हेंडरशी बोला." व्हेंडर म्हणतो, "मॅडम, आम्हाला वरून जसं येतं तसं आम्ही करतो." कँटीनमध्ये जेवायला त्यांची, वाढदिवसाचा केक कापायला त्यांची, जाताना मात्र दुसऱ्या कोणाची तरी.

आणि मग स्वतःचीच लाज वाटली. माझं कुठलं जहाज बुडालंय? करार पुढे वाढवला नाही, एवढंच. शीतलचं तरी... जाऊ दे. तिच्याबद्दल आज नको. निदान मला घरी परत येता आलं, लोकल पकडून, नेहमीच्या डब्यात, खिडकीची जागासुद्धा मिळाली.

तरी लागलं ते लागलंच. काय लागलं नेमकं? पैसे नाहीत. काढून टाकणं? तेही नाही, ते दिवाळीपासून दिसत होतं. मग काय?

हे कोणीतरी टाइप केलं, हे लागलं बहुतेक. कोणीतरी खुर्चीत बसून, चहा बाजूला ठेवून, माझ्या नावापुढे ३५० लिहिलं आणि खाली ६०. पट्टीचे साठ! कोणाच्या तरी मनात आलं असेल का, की राहू दे? का आलं नसेल?

ब्लॅक बंधूंच्या त्या कारकुनाला दुष्ट ठरवून मी खूप वर्षं काढली. आज पहिल्यांदा तारखेकडे नीट पाहिलं. ३० एप्रिल. अहो, महिनाअखेर होती ती! त्याला खाती बंद करायची होती. ह्यूम, जे. एल., येणे बाकी, इतके. त्याने जॉकच्या बापाला मुद्दाम डिवचलं नसणार. त्याला पुढची ओळ घ्यायची होती. मी स्वतः इतक्या महिनाअखेरी काढल्यात की त्या दिवशी डोळ्यांना काय दिसतं ते मला सांगायला नको. नावं दिसत नाहीत, रकाने दिसतात. दुष्टपणा असता तर बरं झालं असतं, रागवायला माणूस तरी सापडला असता.

पण त्याच ३० एप्रिलला आणखी एक गोष्ट झाली. मॅके-बेनेट नावाचं समुद्रातल्या तारा टाकणारं जहाज मृतदेह शोधायला गेलं होतं, ते त्या दिवशी कॅनडात हॅलिफॅक्सला परतलं. ३०६ मृतदेह मिळाले. पैकी ११६ त्यांनी समुद्रातच परत सोडले, कारण पेट्या आणि देह टिकवायच्या लेपाचं सामान पुरेना. कोणाला ठेवायचं हे ठरवताना वर्ग पाहिले गेले. वरच्या वर्गातल्यांना शवपेट्या, बाकीच्यांना किंतान. परत सोडले गेले ते बहुतेक खलाशी आणि तिसऱ्या वर्गातले. कप्तानाचं म्हणणं, बड्या लोकांच्या मालमत्तेचे आणि विम्याचे तंटे नकोत. म्हणजे तिथेही हिशेब आलाच.

जॉक त्या १९० जणांत परत आला. नंबर १९३. हॅलिफॅक्सचे बार्नस्टेड म्हणून मृत्यूनोंदणी अधिकारी होते, त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. प्रत्येक देहाला नंबर, अंगावरचं, खिशातलं जे असेल त्याची यादी, आणि त्या वस्तू त्याच नंबरच्या कापडी पिशवीत. जॉकची यादी मी इतक्यांदा वाचली आहे. वय अंदाजे २८, असं लिहिलंय, सात वर्षं जास्त. कुरळे, फिकट केस. हिरव्या पट्टीचं गणवेशाचं जाकीट. जांभळा मफलर. चांदीचं घड्याळ. रिकामं पाकीट. शिंपल्याच्या मुठीचा चाकू. व्हायोलिनच्या तारांवर आवाज दबवायला बसवतात तो म्यूट.

तोच कोट, एकाच्या कागदावर बटणांच्या मजुरीसकट आणि दुसऱ्याच्या कागदावर हिरव्या पट्टीसकट. दोघेही कारकूनच, दोघेही नेमाने लिहिणारे. माझा गोंधळ इथे होतो. मी म्हणत होते की माणसाचा रकाना झाला हे वाईट. पण या दुसऱ्या रकान्याशिवाय जॉकच्या घरच्यांना काहीच मिळालं नसतं.

ॲनी फंकला तर तेही नाही. ती अमेरिकन मिशनरी, जांजगीरला मुलींची शाळा चालवायची. तेव्हा ते मध्य प्रांतात, नागपूरच्या कारभाराखाली. आई आजारी असल्याची तार आली, ही मुंबईला येऊन पर्शिया बोटीवर चढली, इंग्लंड गाठलं. तिची ठरलेली बोट कोळसा कामगारांच्या संपामुळे निघेना, म्हणून तिकीट बदलून टायटॅनिक. जहाजावरच अडतिसावा वाढदिवस झाला. सुमारे १,५०० माणसं गेली आणि साडेतीनशेसुद्धा सापडली नाहीत. ॲनीला नंबर नाही. मला ती मुंबईच्या गर्दीत सामान सांभाळत उभी दिसते, का कोण जाणे. आणि तिची आई, तार करून वाट बघणारी... नको.

दीड वाजता पाणी प्यायला उठले आणि मग दुसरी फाइल उघडली. ती उघडली नसती तर बहुतेक रडत झोपले असते.

वाचलेल्यांनी आणि गेलेल्यांच्या घरच्यांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात कंपनीवर दावे लावले, एकूण १ कोटी ६० लाख डॉलरच्या वर. १९१६ मध्ये तडजोड होऊन मिळाले ६ लाख ६४ हजार. पण त्या दाव्यांच्या याद्या वाचाव्यात! शार्लट कार्डेझा बाईंनी पेट्यांतल्या कपड्यादागिन्यांची पानंच्या पानं यादी देऊन १ लाख ७७ हजार डॉलर मागितले. एकाने रेनो मोटारीचे ५,००० मागितले. एकाने एका तैलचित्राचे १ लाख. तिसऱ्या वर्गातला आयरिश युजीन डॅली म्हणाला, माझे बॅगपाइप गेले, ५० डॉलर द्या. आणि एडविना ट्राउट नावाच्या बाईंनी मोरंबा करायच्या यंत्राचे ८ शिलिंग ५ पेन्स लावले.

आठ शिलिंग पाच पेन्स. जीव वाचवून आलेली बाई, आणि पाच पेन्ससुद्धा सोडले नाहीत. मला इतकं हसू आलं की निनाद जागा झाला. एजन्सीने बटणांची मजुरी मागायची, मग आम्ही मोरंब्याचं यंत्र का सोडायचं?

गुरुवार

सकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला टायटॅनिकचं काही नाही, ती म्हणाली, "तुझा स्टीलचा डबा तिथेच राहिला ना?" राहिला. पँट्रीच्या ओट्यावर, शेवटच्या दिवशी, आत निम्मी उसळ. मेलमध्ये लिहिते म्हटलं: वस्तू, स्टीलचा डबा, एक, येणे रक्कम अमुक.

"एक काय?" आई म्हणाली. "झाकण वेगळं लाव. नाव झाकणावर कोरलंय, आणि कोरायचे पैसे मी वेगळे दिले होते."