खातं बाबूचं, सही बाबूची

वेंगुर्ल्याच्या आसपासच्या गावांत अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींसोबत मी काम करते, म्हणजे एसटी, बँक, नोकरी, मोबाईल असल्या रोजच्या गोष्टी त्यांना स्वतः कशा जमतील ते बघायचं. त्या दिवशी बाबूचं (खरं नाव नाही हां) खातं उघडायचं होतं. बाविशीतला, डाऊन सिंड्रोम, काजू फॅक्टरीत ग्रेडिंगला आहे, अख्खा, पाकळी, तुकडा वेगळं करायचं काम, आणि त्यात त्याची नजर माझ्यापेक्षा पक्की. आधी पगार रोख आईच्या हातात जायचा, आता मालक म्हणाला खात्यात टाकणार.

बँकेत (कुठली ते नको) साहेबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, सगळं आईला विचारलं, नाव, शिक्षण, सही येते का. मग म्हणाले गार्डियनचं सर्टिफिकेट आणा, कलेक्टरांच्या कमिटीकडून, म्हणजे ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जा. आईला बरंच वाटलं. "मी गेल्यावर हेका कोण बघतला?" हे तिचं कायमचं, आणि त्यात खोटं काहीच नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रिंट माझ्या पर्समध्येच असते. कलम 13 प्रमाणे आपले पैसे आपण सांभाळायचा हक्क त्यालाही इतरांइतकाच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात गार्डियन नेमता येतो, मान्य, पण म्हणून तो प्रत्येकाला लागतोच असं कुठाय? 2016 च्या कायद्यातलं पालकत्व तर मर्यादित, ठराविक निर्णयापुरतं, ठराविक काळापुरतं, तेही त्या माणसाशी मिळून ठरवायचं.

साहेब म्हणाले, "पण मॅडम, व्यवहार कळतो का त्याला?" म्हटलं त्यालाच विचारा की. आई मध्ये बोलायला लागली तिचा हात दाबला. बाबूला शब्द जुळवायला वेळ लागतो, मागे लाईन वाढत होती, कोणीतरी चुकचुकलं पण.

"पगार माझो. आये माका शंभर देता, बाकीचे खंय ठेवता ता माका म्हायत नाय. माका बघूचे आसत."

आई कावली, "अरे तुझ्यासाठीच ठेवतंय मा!" साहेबांना हसू आलं, फॉर्म काढला.

मग एटीएम कार्ड. आई म्हणे नको, मला वाटत होतं घ्यावं, पण त्याच कलमात लिहिलंय की आधार देणाऱ्याने दबाव आणायचा नाही, सो मी फक्त सांगितलं कार्ड हरवलं तर काय, कोणी पिन विचारला तर काय. बाबू म्हणाला कार्ड नको, पासबुक व्हया. आम्हा दोघींना हे सुचलंच नव्हतं. सही करायला त्याला खूप वेळ लागला पण केली.

आता दर महिन्याला तो पासबुक प्रिंट करून आणतो. पहिल्यांदा पैसे काढले तेव्हा हेडफोन घेतले, भारीतले, आणि आईचा मला फोन, "नसता कायतरी शिकवतास तुमी!" म्हटलं मावशी, पगार त्याचा आहे. ओरोसचा अर्ज तिच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. म्हटलं जाऊया, पण बाबूला सोबत घेऊन, कसल्या निर्णयाला मदत पाहिजे ते तो सांगेल.