धरणीने पोटात का घेतलं नाही?

बार्सिलोनातल्या आमच्या फ्रिजवर एका म्हातारीचं चित्र चिकटवलंय. तिला सात पाय आहेत. एका हातात खारवलेला कॉड मासा, दुसऱ्यात भाजीची टोपली. कातालोनियात तिला ‘वेया क्वारेज्मा’ म्हणतात, उपवासकाळाची म्हातारी. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर दर आठवड्याला तिचा एक पाय कापायचा. पाय संपले की ईस्टर. हातातला खारा मासा बघून पहिल्या वर्षी मला ती आमच्या वसईचीच वाटली होती.

तिचे चार पाय उरले होते तेव्हा मी मान्रेसाला गेले. प्लासा एस्पान्याहून गाडीने सव्वा-दीड तास, वाटेत मॉन्सेरातचे करवतीसारखे सुळके. 1522 च्या मार्चमध्ये संत इग्नेशियस (पुढे येशूसंघ म्हणजे जेझुइट संघ स्थापणारे) तिथल्या काळ्या मरियामातेपुढे तलवार ठेवून मान्रेसाला उतरले. थोडे दिवस राहायचं म्हणून आले आणि जवळजवळ अकरा महिने राहिले. कार्दनेर नदीच्या वरच्या अंगाला त्यांची गुहा आहे. तिच्याभोवती आता मोठं चर्च उभं आहे, पण आतला कातळ अजून कातळच आहे.

मला त्यांची एक गोष्ट फार जवळची वाटते. मॉन्सेरातला त्यांनी तीन दिवस लिहून काढून जन्मभराच्या पापांचं कन्फेशन केलं होतं. तरी मान्रेसात मन खायला लागलं: काहीतरी सांगायचं राहिलं. मग पुन्हा कन्फेशन, पुन्हा तीच टोचणी. जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. आठवडाभर अन्न सोडलं, शेवटी धर्मगुरूंनी हुकूम केला तेव्हा जेवले.

माझंही तसंच आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात मी दादाला म्हटलं, “सुट्टी मिळत नाहीये.” खरं तर मी सुट्टी मागितलीच नव्हती. नोकरी नवी होती, कागदपत्रं अडकली होती, ही कारणं मी नंतर जुळवली. हे पाप तीन उपवासकाळांत तीनदा सांगून झालंय. एकदा गावी मराठीत, एकदा इंग्रजीत, एकदा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. तिन्ही वेळा क्षमा मिळाली आणि तिन्ही वेळा मी ती चर्चच्या पायरीवर ठेवून घरी आले.

इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या प्रार्थना-चिंतनाच्या पुस्तकातला पहिला आठवडा पापांवरच्या चिंतनाचा. मला वाटायचं, म्हणजे यादी करायची. पण त्यात एका ठिकाणी यादी थांबते आणि माणूस चक्रावतो: सूर्य, चंद्र, फळं, पक्षी, मासे, या सगळ्यांनी मला जगू कसं दिलं? धरणी दुभंगून तिने मला गिळलं कसं नाही? आपल्याकडे शरमेने माणूस म्हणतो, धरणीने पोटात घ्यावं. सीतेला तिने घेतलंही. इथे प्रश्न उलटा आहे. त्या कातळासमोर बसून मी आठवत राहिले, मला कोणी कोणी सांभाळून घेतलं. दादा दर रविवारी फोन करतो. इकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत सुके बोंबील कोंबतो. विमानतळावर मला किती घाम फुटतो, ते त्याला सांगून उपयोग नाही.

शेवटी क्रुसावरच्या येशूशी मित्राशी बोलावं तसं बोलायचं असतं. मी आमच्या कादोडीत बोलले, दुसरी भाषा सुचलीच नाही. तीन प्रश्न स्वतःला विचारायचे: ख्रिस्तासाठी मी काय केलं, काय करते आहे, काय करायला हवं? तिसऱ्यावर अडले. तीन भाषांत सांगितलं ते धर्मगुरूंना. ज्याच्याशी खोटं बोलले, त्याला एकाही भाषेत नाही.

दादा असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहायची हिंमत केली. म्हातारीचे आता तीन पाय उरलेत. वसई इथून साडेचार तास पुढे आहे, मी कामावरून येते तेव्हा तो झोपलेला असतो. (हेही कारणच, कळतंय मला.) रविवारी तो फोन करेलच.