हॉटेलांच्या प्रक्रिया-आकृत्यांची फेरमांडणी : माझा अनुभव

कळंगुट, कोलवा आणि पणजी येथे हॉटेले असलेल्या एका कंपनीत कामकाजाच्या प्रक्रियांचे दस्तऐवज सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. २०२५ च्या पावसाळ्यात, पर्यटकांची वर्दळ ओसरलेली असताना, आम्ही सर्व प्रक्रिया-आकृत्यांची फेरमांडणी हाती घेतली. आकृत्या बीपीएमएन २.० या, कामाचे टप्पे आणि त्यांचा क्रम दाखवणाऱ्या चिन्हपद्धतीत काढलेल्या होत्या आणि चिन्हांच्या दृष्टीने बहुतेक बिनचूकही होत्या. अडचण निराळीच होती. प्रत्येक हॉटेलाची ‘चेक-इन’ची आकृती स्वतंत्र होती आणि आरक्षणाच्या पडताळणीपासून खोलीवरील कराच्या दरापर्यंत सगळे तिच्यात एकाच कागदावर कोंबलेले होते. एखादा नियम बदलला की तोच बदल तिन्ही आकृत्यांत करावा लागे आणि एखादी हमखास राहून जाई.

मेंडलिंग, राइयर्स आणि व्हॅन डर आल्स्ट या संशोधकांच्या प्रक्रिया-आकृत्यांविषयीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५० हून अधिक घटक असलेली आकृती विभागावी असे म्हटले आहे. सूचना रास्त आहे. मात्र आकृती नेमकी कोठे तोडावी, हे संख्येवरून कळत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक टप्प्यासमोर, हा टप्पा उद्या बदलला तर तो कोणामुळे बदलेल, याचे उत्तर लिहिले. परदेशी पाहुण्यांची नोंद केंद्र सरकारच्या नियमांमुळे, कराचा दर जीएसटी परिषदेमुळे, आगाऊ रकमेच्या अटी ट्रॅव्हल एजंटांशी झालेल्या करारांमुळे, तर खोलीची तयारी हाउसकीपिंगमुळे. ज्यांची उत्तरे वेगळी आली, ते टप्पे आम्ही वेगळे केले.

परदेशी पाहुण्याची माहिती तो उतरल्यापासून २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. सगळे हॉटेलवाले याला ‘फॉर्म सी’ भरणे म्हणतात. हे काम तिन्ही हॉटेलांत सारखेच असल्याने त्याची एकच स्वतंत्र आकृती केली आणि चेक-इनच्या तिन्ही आकृत्यांतून तिला जाड किनारीच्या चौकोनाने, म्हणजे ‘कॉल ॲक्टिव्हिटी’ने, बोलावले. साधी उपप्रक्रिया, म्हणजे मोठ्या प्रक्रियेतील एक लहान प्रक्रिया, मूळ आकृतीच्या पोटातच राहते आणि तिची माहिती थेट वापरते, त्यामुळे ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. बाहेरून बोलावलेल्या आकृतीला काय द्यायचे आणि तिच्याकडून काय परत घ्यायचे, हे स्पष्ट ठरवावे लागते. आम्ही ठरवले की आत पासपोर्ट, व्हिसा आणि आगमनाची वेळ जाईल, व बाहेर नोंद झाल्याची पोच येईल. एवढे लिहून काढल्यावर फ्रंट ऑफिसच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “पाहुणे मध्यरात्री आले आणि सर्व्हर बंद असला तर पोच कुठून येणार?” प्रश्न अगदी योग्य होता. त्यानंतर ‘नोंद प्रलंबित’ असा दुसरा शेवट आकृतीत आला. तसा शेवट झाल्यास पाहुण्याला खोली मिळते आणि सकाळच्या पाळीकडे काम सोपवले जाते.

या सामाईक आकृतीतून आम्ही लेन, म्हणजे कोणते काम कोणाचे हे दाखवणारे पट्टे, काढून टाकल्या. पणजीत नोंदीचे काम फ्रंट ऑफिसचा कर्मचारी करतो, कोलव्याला रात्री ड्युटी मॅनेजरच करतो. कोण करतो हे प्रत्येक हॉटेलाच्या मूळ आकृतीत राहिले. कसे करायचे एवढेच सामाईक आकृतीत ठेवले.

कराचा दर तर आकृतीतून पूर्णपणे बाहेर काढला. पूर्वी तो एकापुढे एक गेटवे, म्हणजे वाट फुटते तेथील चिन्हे, काढून दाखवलेला होता. त्यांच्या जागी ‘नियम लागू करा’ असे एकच काम ठेवले आणि दर निर्णयतक्त्यात, म्हणजे कोणत्या परिस्थितीत काय लागू होते हे ओळीओळीने सांगणाऱ्या तक्त्यात, नेले. याचा उपयोग लगेच दिसला. चवथ (गणेशचतुर्थीचा सण) आटोपते न आटोपते तोच दर बदलल्याची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यावरच्या खोल्यांचा १८ टक्के कायम राहिला. तक्त्यातील एक ओळ बदलली, एकाही आकृतीला हात लावावा लागला नाही. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला होता. त्यासाठीही नोंदीची एकच आकृती उघडून तपासावी लागली.

सारखे दिसते ते सगळे एकत्र करावे, असे मात्र मला वाटत नाही. खोलीच्या तयारीच्या आकृत्या तिन्हीकडे जवळजवळ सारख्या होत्या, तरी मी त्या वेगळ्याच ठेवण्याचा आग्रह धरला. किनाऱ्यावरच्या हॉटेलात वाळू, ओले टॉवेल आणि दमट हवेतील बुरशी यांमुळे क्रम बदलत राहतो. पणजीत त्याचे काही कारण नाही. त्या एकत्र केल्या असत्या, तर प्रत्येक फरकासाठी नवा गेटवे घालावा लागला असता.

सामाईक आकृत्यांची आता एक नोंदवही आहे. आकृतीचे नाव, ती काय घेते व काय परत देते, कोणत्या आकृत्या तिला बोलावतात आणि बदलाला मंजुरी कोणी द्यायची, एवढे तीत असते. नवी आकृती काढण्याआधी ही नोंदवही पाहिली जाते. आरक्षण रद्द करण्याची प्रक्रिया अजून जुन्याच स्वरूपात आहे, कारण परताव्याच्या अटी ट्रॅव्हल एजंटांच्या करारांवर अवलंबून आहेत. ते करार नव्याने झाले की तिचे काम हाती घेणार आहोत.