थोडी थोडी होतेय, सिस्टर

मागच्या पावसाळ्यातला सोमवार. गाड्या रखडलेल्या, ओपीडीत निम्मे पेशंट भिजलेले, आणि सगळ्यांत लांबून, डोंबिवलीहून येणारी मात्र वेळेवर हजर. वय ३१, फोर्टमध्ये बँकेत नोकरी, सोबत आई. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर इतरत्र वाढण्याचा आजार. तो आतड्यापर्यंत गेलेला, म्हणून आतड्याचं ऑपरेशन होऊन १२ दिवस झालेले. टाके बघायला आली होती. टाके छान होते.

"बाकी काही त्रास?"

"नाही सिस्टर. फक्त लघवीला सारखं जावं लागतं. थोडी थोडी होतेय. रात्रीसुद्धा चार-पाचदा उठते."

"मी हिला सांगते, पाणी कमी पी," आई म्हणाली.

पट्टी बदलताना माझा हात तिच्या ओटीपोटाला लागला. बेंबीखाली गोल, टणक फुगवटा. दाबून विचारलं, "आता लागल्यासारखं वाटतं का गं?"

"नाही. लागलीय हे कळतच नाही. घड्याळ बघून जाते आणि जोर लावून करते."

तिला भांड्यात लघवी करून यायला सांगितलं. ९० मिली. आत किती उरली ते दाखवणाऱ्या स्कॅनरची बॅटरी नेहमीप्रमाणे उतरलेली, म्हणून सरळ मूत्राशयात नळी घातली. ७८० मिली निघाली. साधारण ४०० ते ५०० मिलीला माणसाला उठावंच लागतं. इथे तर लघवी करून आल्यावर आत एवढी शिल्लक. सारखी होत होती म्हणजे पिंप भरून वरचं वर सांडत होतं, एवढंच. अशी तुंबलेली लघवी कुजते, इन्फेक्शन होतं, आणि फार दिवस राहिली तर दाब मागे किडनीवर जातो.

मग मी तिचा जुना केस पेपर काढला. ऑपरेशननंतर लघवीची नळी काढली त्या दिवशीची नोंद: 'लघवी झाली.' अक्षर माझंच. किती झाली ते लिहिलेलं नाही, कारण मी मोजलीच नव्हती. वॉर्डात त्या दिवशी ३८ पेशंट होते, पण ते कारण मी तिला सांगितलं नाही. चूक झाली एवढं सांगितलं.

सरांनी केस पेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंनी बारीक नसांचं जाळं जातं. त्यातल्या काही नसा, कण्याच्या अगदी खालच्या भागातून आलेल्या, मूत्राशयाला 'आता आवळ' असं सांगतात. हिचा आजार गर्भाशयामागच्या बंधांपासून आतड्यापर्यंत दोन्हीकडे चिकटलेला. नसा जपून सोडवल्या तरी त्या दुखावतात. बहुतेकींच्या काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतात. काहींच्या नाही सावरत. सरांनी हे शेवटचं वाक्यही गाळलं नाही, हे मला आवडलं. पाळीत शौचाला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते हे ती कितीतरी वर्षं सांगत होती, आणि 'लग्नानंतर थांबेल' हेच ऐकत आली होती. निदान यावेळी तरी तिला खरं ऐकायला मिळालं.

उपाय ठरला: स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, दिवसातून चार-पाच वेळा. आई घाबरली. "घरी? आणि इन्फेक्शन?" मी सांगितलं, १९७२ साली अमेरिकेत लॅपिडेस नावाच्या युरॉलॉजिस्टने दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटर लागत नाही, साबणाने धुतलेले हात पुरतात. आत लघवी साठून राहते, त्यातला धोका मोठा.

दुपारी पडदा ओढून तिला शिकवलं. समोर आरसा, १२ नंबरची नळी, जेली. पहिली नळी योनीत गेली. ती रडकुंडीला आली. म्हटलं, "राहू दे ती तिथेच, खूण म्हणून. आता दुसरी घे आणि तिच्या वरचं छिद्र शोध." बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे एकदा जागा सापडली की काम लगेच होतं. तिसऱ्या खेपेला भांड्यात धार पडली. पडद्याबाहेरून आईने विचारलं, "जावयांना काय सांगायचं?"

"नळ्या संपल्या की मेडिकलमधून आणायला सांगायचं," ती आतून म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तेव्हा हसली.

खरी अडचण पुढेच होती. स्लो लोकलने डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास, डब्यात संडास नाही. स्टेशनवरच्या संडासात पिशवी अडकवायला साधा खिळाही सापडत नाही, तिथे आरसा कुठे टेकवणार? तिने मग नळीचं वेळापत्रक गाड्यांवर बेतलं: घरातून निघताना, ऑफिसात ११ ला, ३ ला, निघायच्या आधी, झोपताना. वहीत दोन रकाने, आपोआप किती झाली आणि नळीने किती निघाली. दर रविवारी वहीचा फोटो मला यायचा. नळीने निघालेली ४२०. ३९०. एका आठवड्यात पुन्हा ४५०, त्या दिवशी फोटोखाली एक शब्दही नव्हता. मग २८०, १६०. सरांनी सांगितलं होतं, १०० च्या खाली टिकली की नळी बंद.

आता मी नळी काढल्यावर पेशंटच्या खाटेखाली मोजमापाचं भांडं ठेवते. मावशी कुरकुरतात, त्यांना ते धुवावं लागतं.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी सात वाजता तिचा मेसेज आला, रविवार नसताना. "सिस्टर, गाडी दिव्याला वीस मिनिटं उभी आहे आणि मला जोरात लागलीय!!!"