शत्रुराष्ट्रालाही कारण लागते

अमेरिकी थरारकथाकार टॉम क्लॅन्सी यांची ‘डेट ऑफ ऑनर’ ही कादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक जपानी उद्योगपती अमेरिकेविरुद्ध कट रचतो, त्याला चीनची साथ असते आणि आपले दिल्लीचे सरकारही त्या कटात सामील होते. अमेरिका पॅसिफिकमध्ये अडकली की श्रीलंकेवर चाल करायची, असा भारताचा बेत असतो. भारताला खलनायक केले म्हणून रागावण्यात मला अर्थ वाटत नाही. युद्धाच्या थरारकथेला शत्रू हवाच, आणि तो दर वेळी दुसऱ्याच कोणाचा तरी देश असावा, हा हट्ट बालिश आहे. मला खटकते ते निराळेच. पाणबुडीच्या ‘सोनार’ या ध्वनिलहरींनी शोध घेणाऱ्या यंत्रणेविषयी पानेच्या पाने लिहिणाऱ्या लेखकाला, ज्या देशाला तो युद्धात उतरवतो त्या देशाचे अगदी अलीकडचे राजकारण विचारात घ्यावेसे वाटू नये, याचे मला नवल वाटते.

कारण भारत श्रीलंकेत जाऊन, हात पोळून घेऊन नुकताच परत आला होता. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर गेलेली भारतीय शांतिसेना काही आठवड्यांतच जाफन्यात तमिळ वाघांशी, म्हणजे ‘एलटीटीई’ या सशस्त्र संघटनेशी, लढू लागली, अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले, आणि शेवटी कोलंबोच्याच सरकारने ‘आता निघा’ म्हटल्यावर मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी बोटीने मद्रासला उतरली. तिच्या स्वागताला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, आणि तेही ठरवून. पुढच्याच वर्षी श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्यानंतर दिल्लीतल्या कोणत्याही पक्षाच्या पंतप्रधानाने पुन्हा श्रीलंकेत सैन्य उतरवण्याचे नाव काढले असते, तर पहिला विरोध अमेरिकेकडून नव्हे, मद्रासहून आणि स्वतःच्या सेनादलांतून आला असता. कादंबरीतल्या भारतावर या अनुभवाचे ओझे कुठे जाणवतच नाही.

पैशांचेही तेच. १९९१ साली परकीय चलनाची तिजोरी इतकी रिकामी झाली होती की रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले. कादंबरीत भारतीय ताफा अमेरिकेच्या विमानवाहू नौकांशी लपंडाव खेळतो. प्रत्यक्षात तेव्हा आपल्याकडे अशा दोनच नौका होत्या. ‘विराट’ म्हणजे फॉकलंडचे युद्ध करून आलेली ब्रिटिशांची जुनी ‘हर्मिस’. ‘विक्रांत’चा सांगाडा तर १९४५ सालीच पाण्यात उतरला होता, आणि १९९४ साल म्हणजे तिच्या सेवेची अखेर जवळ आल्याचा काळ, १९९७ च्या जानेवारीत ती निवृत्तच झाली. मुंबईकरांना ती आठवते ती नंतर संग्रहालय म्हणून उभी असलेली, आणि शेवटी दारूखाना या जहाजे तोडण्याच्या जागी भंगारात निघालेली. शिवाय ज्या अमेरिकी नौदलाशी आपली झुंज रंगवली आहे, त्याच्याबरोबर ‘मलबार’ हा संयुक्त सराव १९९२ पासून सुरू झाला होता.

याला कोणी म्हणेल की कादंबरी ही कादंबरी आहे, तिला इतिहासाची परीक्षा कशाला? मान्य आहे. पण याच लेखकाने ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मध्ये सोव्हिएत कप्तान रामियसला देशद्रोहाचे किती पक्के कारण दिले होते! त्याची पत्नी दारू प्यालेल्या डॉक्टरच्या हातून आणि सदोष औषधापायी जाते, डॉक्टर वरिष्ठ पुढाऱ्याचा मुलगा असल्याने सुटतो, आणि त्या एका मृत्यूत वाचकाला सगळी सोव्हिएत व्यवस्था दिसते. ‘डेट ऑफ ऑनर’मधल्या जपानी उद्योगपतीलाही, त्याचा देश कितीही ओढूनताणून रंगवलेला असला तरी, पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर १९४४ च्या लढाईत गमावलेल्या आईवडिलांचे दुःख आहे. राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केलेला देश मूठभर कारखानदारांच्या हाती इतक्या सहज जातो, हे पटत नाही. तरी निदान त्या माणसाचे मन कळते. भारताच्या वाट्याला तेवढेही येत नाही. आपला नौसेनापती चंद्रसकट्टा नावाचा आहे. हे आडनाव मी कोणत्याही प्रांतात ऐकलेले नाही, आणि एखाद्या भारतीय ओळखीच्याला एक फोन केला असता तरी ते बदलता आले असते. आडनाव चुकले त्याचे एवढे वाईट वाटत नाही, पण ज्याला गाव नाही त्याला घर नाही, आणि घर नसलेल्या माणसाला श्रीलंका कशाला हवी, हे वाचकाला कसे समजावे? १९९६ च्या ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स’मध्ये तर भारताच्या पंतप्रधान बाई इराण आणि चीन यांच्या संगनमतात पुन्हा हजर होतात. १९६२ नंतर चीनशी असे गुळपीठ जमवणाऱ्या पंतप्रधानाला संसदेत काय काय ऐकावे लागले असते, याची एक ओळही मला समाधान देऊन गेली असती.

मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुनी इंग्रजी पुस्तके घेऊन वाढलेल्या आमच्या पिढीने या कादंबऱ्या चवीने वाचल्या आहेत, आणि यंत्रांचे वर्णन आजही मला आवडते. आपल्याकडच्या थरारकथांत पाकिस्तानी अधिकारी ज्या साच्यातून काढतात, तो साचाही काही वेगळा नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. तरीही या प्लॉटमध्ये एक चांगली कादंबरी दडलेली होती असे मला राहून राहून वाटते. जाफन्यात माणसे गमावलेला एखादा अधिकारी, त्याला पुन्हा त्याच बेटाकडे निघण्याचा आलेला हुकूम, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्या हुकमावर सही करायला नकार देणारा तमिळनाडूचा एक मंत्री: एवढी सामग्री लेखकाला वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत मिळाली असती, आणि अमेरिकी ताफ्याच्या आधी दिल्लीतच ती लढाई सुरू झाली असती.