दिवे घाटातली एकादशी

ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच विसावा, आणि सासवडची वाट धरायचा दिवस बहुतेक वर्षी नेमका योगिनी एकादशीचा येतो. सगळ्या वारीतली सर्वांत लांब मजल हीच. हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला करत तीस किलोमीटरच्या घरात चाल होते आणि शेवटी दिवे घाट उभा राहतो. रथाला त्या चढाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. माणसाला मात्र त्याच दिवशी उपास असतो.

घरी कडक एकादशी पाळणारे आम्ही लोक इथेच पहिल्यांदा अडखळतो. घरची एकादशी सावलीतली असते. इथे सकाळी सहापासून डांबरावर चालायचं, पाऊस आला तर भिजायचं, नाही आला तर तापायचं. दर वर्षी वडकी नाल्याच्या पुढे रस्त्याकडेला बसलेली माणसं दिसतात. चेहरा पांढरा पडलेला, हात गार, बोलणं तुटक. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सकाळपासून फक्त चहा, माउली. निर्जळीचा विचार होता."

म्हणून आमच्या दिंडीत त्या दिवसासाठी काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. साबुदाण्याची खिचडी निघताना भरपेट खायची नाही. ती जड पडते आणि चढावर तहान तहान होते. त्याऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं: एक केळं, एक राजगिऱ्याचा लाडू, मूठभर भाजके शेंगदाणे. भगर सकाळी शिजवून डब्यात दुपारपर्यंत ठेवायची नाही, आंबते. आणि भगरीचं जुनं पीठ तर आणायचंच नाही, त्याने एका पंगतीत पन्नास जण आजारी पडू शकतात. पाण्याच्या एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा सैंधव, वर लिंबू. हे उपासाला चालतं आणि घाम गेलेल्या अंगाला लागतंही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने या दिवसाबद्दल वारीआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रोजचा डोस, रिकामं पोट आणि तीस किलोमीटर हे तिन्ही एकत्र आले की साखर एकदम खाली येते. हात थरथरले, थंड घाम सुटला, की तीन चमचे साखर ताबडतोब तोंडात. जवळ बिस्किटाचा पुडा असेल तर तोही खावा. उपासाचं काय आहे, काय नाही, हे बघायची ती वेळ नव्हे.

आणि नेमका हाच घास घशाखाली उतरत नाही. "एकादशी मोडली" या दोन शब्दांचं ओझं घाटापेक्षा जास्त असतं. अशा माणसाशी वाद घालून उपयोग होत नाही. आम्ही त्याच्या शेजारी बसतो आणि एवढंच सांगतो, की उपास कोणासाठी धरला होतास, त्याला सांग आणि खा. मनातल्या मनात सांग: विठोबा, आज जमत नाही, मी खातोय. ज्याने आयुष्यभर देवाला फक्त हिशोब दिला, त्याने त्याच्याशी बोललेलं हे बरेचदा पहिलं वाक्य असतं.

पूजापाठ नेमाने करणाऱ्यांमध्ये न बोलणारे फार असतात, हे मी इतक्या वर्षांत ठामपणे म्हणू शकतो. स्तोत्रं पाठ, तिथी पाठ, कोणत्या दिवशी काय वर्ज्य ते पाठ. पण स्वतःच्या शब्दांत देवाला काही सांगायचं म्हटलं की जीभ अडकते. वारीत ती सुटते, कारण वारी एकेक नेम हातातून काढून घेते.

सोवळं पहिल्या चार दिवसांतच जातं. पहाटे तीन-साडेतीनला टँकरपाशी दोघांत एक बादली मिळते. कपडे वाळत नाहीत. ओल्या धोतराने पूजा करायची आणि त्याच धोतराने चालू लागायचं, असा हट्ट धरणाऱ्यांच्या जांघा दुसऱ्या दिवशी सोलून निघतात. तिथे खोबरेल लावून कोरडी सुती चड्डी घालणं हाच उपाय. ओल्या मोज्यांनी तळव्याला फोड येतात. फोडातून सुईने दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आहे, ती सोडावी. दोऱ्यावाटे जंतू आत जातात. फोड न फोडलेला बरा. फारच तटतटला तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच राहू द्यावी आणि पट्टी बांधावी.

परान्न न घेण्याचा नेमही असाच जातो. गावोगावी रस्त्यावर पिठलं-भाकरी घेऊन लोक उभे असतात आणि हात जोडून "घ्या ना माउली" म्हणतात. कोणाच्या चुलीवरची भाकरी, कोणत्या जातीच्या हातची, हा प्रश्न इथे विचारता येत नाही. विचारावा असं वाटतही नाही. वारकरी भेटला की एकमेकांच्या पाया पडतो. सत्तरीचा म्हातारा वीस वर्षांच्या पोरापुढे वाकतो, पोरगा त्याच्यापुढे वाकतो. दोघांची डोकी कधी कधी आपटतात. सोवळ्यात वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे जमत नाही, पाठ ताठ राहते. जेजुरी येईपर्यंत ती सैल झालेली असते.

एका गोष्टीवर जास्त बोलायला हवं, कारण ती अजून गेलेली नाही. बायका पाळी लांबवायच्या गोळ्या घेऊन वारीला येतात. वाटेत "अडचण" यायला नको, तुळस डोक्यावर घेता यायला हवी, पंढरीत दर्शन चुकायला नको, म्हणून. बऱ्याच जणी कोणाला न विचारता मेडिकलमधून घेतात. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, म्हणजे मोजणी जरा चुकली तर ज्या दिवसाला भ्यायचं तोच दिवस गाठला जातो. मध्ये एक-दोन गोळ्या चुकल्या तर वाटेतच डाग लागतात. मळमळ होते, पाय सुजतात. ज्यांना पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे, त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. आमच्या दिंडीत स्पष्ट सांगितलेलं आहे: पाळी आली तर चाला, टाळ घ्या, वृंदावन घ्या, पंगतीत बसा. सामानात पुरेसे पॅड, जुने कागद आणि झाकणाचा वेगळा डबा ठेवा. फिरत्या शौचालयात पॅड टाकू नका, ते तुंबतं आणि मागच्या हजार बायकांची सोय जाते. चोखोबांच्या सोयराबाईंनी देहाच्या विटाळाचा प्रश्न थेट विठोबापुढे मांडला होता, विटाळावाचून देह कुठे आहे ते मला दाखव म्हणून. तिने शास्त्र विचारलं नाही, त्यालाच विचारलं. दिंडीतल्या बायकांना मी तेच करायला सांगतो.

जपाचंही तसंच. हल्ली बोटात घालायचं अंगठीसारखं यंत्र मिळतं, बटण दाबलं की आकडा पुढे जातो. दिवसाला इतके हजार असा संकल्प करून लोक येतात. ते यंत्र घालून दिंडीत चालून बघा: टाळ धरता येत नाही, पावली खेळता येत नाही, शेजारचा अभंगाचं कडवं उचलतो तेव्हा आपण अंगठ्यात असतो. संध्याकाळच्या हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माउली विचारतात, "पुण्याची गणना कोण करी." सत्तावीस अभंगांचा हरिपाठ रोज म्हणणारा माणूस हे रोज म्हणतो आणि तरी मोजतो. यंत्र पिशवीच्या तळाशी टाकावं. टाळाच्या ठेक्यावर नाम आपोआप पायात उतरतं. डाव्या पायाला एक, उजव्याला एक.

मुक्कामाच्या जागी समाज आरतीला जी गोष्ट घडते, ती नव्या माणसाने मुद्दाम बघावी. सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती थांबत नाही. टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात, तड लावतात. नंतर हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते आणि मग आरती. माउलींच्या पादुकांपुढे तक्रार करायची ही मान्य रीत आहे. तक्रार असेल तर टाळ बंद करू नकोस, वाजवत राहा. प्रार्थना कशी करावी असं मला कोणी विचारलं तर मी त्याला आरतीच्या वेळी त्या गोलाच्या कडेला उभं करतो.

बोलायला उत्तम वेळ पहाटेची. काकडा झालेला असतो, ट्रक भरले जात असतात, पालखी अजून हललेली नसते. तेव्हा दिंडीच्या जरा पुढे निघावं, मोबाइल बंद ठेवावा आणि घरच्या गोष्टी त्याला सांगत चालावं. मुलाची नोकरी, भावाशी तुटलेलं बोलणं, आईची दुखणी. भाषा घरचीच ठेवावी. "हे जगन्नाथा, दीनानाथा" असं सुरू केलं की माणूस परत पाठांतरात शिरतो. अरेतुरे करावं. विठोबाला अरेतुरे करायचा हक्क जनाबाईंनी आधीच मिळवून ठेवला आहे. पहिले तीन-चार दिवस दोन वाक्यांपुढे काही सुचत नाही. हे सगळ्यांचंच होतं. नीरा ओलांडून लोणंदच्या पुढे गेलं, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण (वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींचा अश्व धावतो ते) झालं, की राग बाहेर येऊ लागतो, रडू येतं. त्याला घाबरू नये. शेजारचा वारकरी काही विचारणार नाही, फार तर पाण्याची बाटली पुढे करील.

आणि देवाच्या बाजूने काय होतं, हे पंढरपुरात कळतं. एरवी विठोबाचा दिवस काकड्यापासून शेजारतीपर्यंत घड्याळासारखा बांधलेला. आषाढीच्या आधी मुहूर्त पाहून त्याच्या शेजघरातला पलंग काढतात. झोप बंद, शेजारती बंद, रोजचे राजोपचार थांबलेले. पाठीला मऊ लोड देतात आणि तो चोवीस तास उभा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा घालवायला औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि मग त्याचे नेम पुन्हा सुरू होतात. वारकरी यायचे म्हणून देव स्वतःचे नेम बाजूला ठेवतो, ही तिथली दर वर्षीची रीत आहे. दिवे घाटात खाल्लेल्या बिस्किटाची खंत दशमीपर्यंत वाहून आणणाऱ्यांना मी हे वाखरीच्या मुक्कामात सांगतो.

दर्शनाबद्दल. पदस्पर्शाची रांग एकादशीच्या आसपास एक दिवसाच्या वर जाते. सुजलेल्या पायांनी, लघवी धरून तिथे उभं राहिलंच पाहिजे असं नाही. आमच्यातले बहुतेक जुने वारकरी चंद्रभागेला जातात, पुंडलिकाला भेटतात, नामदेव पायरीवर डोकं ठेवतात, समोरच्या चोखोबांच्या समाधीला हात लावतात, कळसाला हात जोडतात, आणि त्यांचं दर्शन झालेलं असतं. चोखोबांच्या लोकांना ती पायरी ओलांडायला 1947 उजाडावं लागलं, साने गुरुजींना 1 मेपासून उपोषणाला बसावं लागलं. तोवर पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी कळसच पाहिला आणि विठोबाशी त्यांचं बोलणं कधी थांबलं नाही. नदीत मात्र जपून. उजनीतून पाणी सोडलेलं असलं तर पात्र भरून वाहतं, आणि वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. घाटाची शेवटची पायरी सोडू नये. तीन बुड्या झाल्याच पाहिजेत म्हणून पुढे जाणारे बुडतात. ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं तरी स्नान झालं.

बहुतेक दिंड्या पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन एसटीने घरी जातात. माउलींच्या पादुका मात्र पायीच परततात आणि आषाढ वद्यात, साधारण दहा-अकरा दिवसांत, आळंदी गाठतात. या परतवारीत गर्दी नसते. रस्त्याकडेचं अन्नदान फारसं नाही, टँकर कमी, मजला मोठ्या. स्वतःचा शिधा, एक स्टोव्ह आणि दोन जोड कोरडे मोजे बरोबर ठेवावे लागतात. पावसाने रान हिरवं झालेलं असतं, टाळ मोजकेच, आणि चालताना बोलायला सगळा दिवस मोकळा.