पॅरामेशियमच्या पंपावर नजर: नोंदवहीतून

कमळाच्या टबातल्या पाण्यात भाताचा पेंढा भिजत घालून केलेलं कल्चर आता चांगलं जमलंय. वरच्या थरातून ड्रॉपरभर पाणी घेतलं की पॅरामेशियम कॉडॅटम या एकपेशीय जीवाची गर्दी मिळते. त्यांची धावपळ पुरेशी बघून झाली, म्हणून या वेळी एकच प्रश्न धरला: ना कल्ले, ना फुप्फुसं, ना रक्त, मग बाहेरच्या पाण्याशी चाललेली देवाणघेवाण आपल्याला दिसते तरी कुठे?

वायूंची तर दिसतच नाही. ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर, सगळं पेशीपटलातून विसरणाने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरत चालतं आणि ते जमतं केवळ लहान आकारामुळे. लांबी 0.2 ते 0.3 मिलिमीटर, जाडी जेमतेम 0.05. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन एवढ्या जाडीच्या मध्यापर्यंत सेकंदाच्या आतच पोहोचतो. पण विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: 0.1 मिलिमीटरला दोन-तीन सेकंद, तर 1 सेंटिमीटरला सातेक तास. पेरूएवढं पॅरामेशियम का नसतं, ते इथेच कळतं.

अप्रत्यक्ष खूण मात्र मिळते. कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद करा आणि आत मुद्दाम हवेचा एक बुडबुडा राहू द्या. थोड्या वेळाने पोहणारे जिवाणू बुडबुड्याच्या काठाशी दाटी करतात. हीच सवय वापरून जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी 1882 मध्ये शेवाळाच्या धाग्यावर प्रकाशाचा वर्णपट पाडला होता. जिवाणू तांबड्या आणि निळ्या भागापाशी गोळा झाले, म्हणजे ऑक्सिजन तिथेच जास्त तयार होत होता. मायक्रोस्कोपवर केलेला याहून सुंदर प्रयोग मला तरी माहीत नाही.

खरी मजा आकुंचनशील रिक्तिकेत आहे: पेशीत पुढे एक, मागे एक अशा या पोकळ्या पाणी भरून घेतात आणि बाहेर फेकतात, पंप तो हाच. गोड्या पाण्यापेक्षा पेशीच्या आत क्षार जास्त, त्यामुळे परासरणाने, म्हणजे पटलातून जास्त क्षारांच्या बाजूला ओढलं जाऊन, पाणी सतत आत शिरतं. ते उपसलं नाही तर पेशी फुगून फुटेल. 40च्या ऑब्जेक्टिव्हखाली, कापसाचे तंतू पसरून एखादी पेशी अडकवली की नीट दिसतं: आधी चांदणीसारख्या बारीक नळ्या भरतात, मग मधला गोळा वाढतो, कडा धारदार होतात आणि एका क्षणात गोळा गायब. नळ्या पुन्हा भरू लागतात. पुढची आणि मागची रिक्तिका एकाच वेळी आकसतील असं नाही. मागची बहुधा जास्त वेगात चालते, कारण तोंडाच्या खाचेतून अन्नासोबत आलेलं पाणी तिच्या जवळच उतरतं.

स्टॉपवॉच लावून 100 मिलिलिटरला पाव ग्रॅम मीठ अशा फिकट द्रावणाचा थेंब कडेने सोडला, की दोन आकुंचनांमधला वेळ वाढतो. बाहेर-आतला फरक कमी, म्हणून आत येणारं पाणीही कमी. मोजताना एक काळजी: काचपट्टी कडेने सुकत जाते आणि पाण्यातले क्षार आपोआप दाट होतात, तेव्हा मीठ न घालताही वेग उतरतो. कडेला साध्या पाण्याचा थेंब देत राहा.

या रिक्तिकेला पेशीचं मूत्रपिंड म्हणतात, ते मला पटत नाही. तिचं मुख्य काम पाणी बाहेर टाकणं. नत्रयुक्त कचरा, म्हणजे अमोनिया, तो बहुतेक पृष्ठभागातूनच विसरणाने जातो.

अन्नाचं प्रकरण वेगळं, कारण अख्खे जिवाणू काही पटलातून झिरपून आत जात नाहीत. काँगो रेड हा आम्लात निळा होणारा रंग घालून उकळलेलं यीस्ट थंड करून दिलं की तांबडे दाणे तोंडाच्या खाचेत ओढले जातात आणि अन्नरिक्तिका बनून आत फिरू लागतात. आतली आम्लता वाढते तसा रंग निळसर होतो, पुढे पचनाच्या टप्प्यात पुन्हा तांबडा. पचलेलं भोवतालच्या पेशीद्रवात शोषलं जातं आणि उरलेला गाळ मागच्या बाजूला एका ठरलेल्या जागी बाहेर पडतो. हा रंग विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका.

पुढचं काम हिरव्या पॅरामेशियम बर्सारियाचं. त्याच्या पोटात एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडात ऑक्सिजन आणि साखर देतं. उजेडातल्या आणि अंधारात ठेवलेल्या बाटलीतल्या पेशी हवेच्या बुडबुड्याकडे सारख्याच ओढीने जातात का, ते बघायचंय.